चहा कोण टाकणार?

*ताई,*

*माझं वय ५९. कोथरूडला राहते. आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. निवृत्त झाले आणि दीड वर्षात गेले, त्याला आता सात वर्षं झाली. मुलगा-सून वाकडला, मुलगी कोल्हापूरला दिलीय. सोमवार ते बुधवार मी वाकडला नातवाला सांभाळते, बाकीचे दिवस माझ्या घरी.*

*गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत होते. पुढे एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले. मशीन त्यांच्या अंगठ्याचा ठसा घेईना. चार बोटं झाली, दुसरा हात झाला. मी त्यांना मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला कसा काढायचा ते दाखवलं. त्यात 'पुनर्विवाह केला आहे का' असा एक प्रश्न असतो. ते म्हणाले, "अजून तरी नाही." आम्ही दोघंही बँकेत मोठ्यांदा हसलो.*

*ते मयूर कॉलनीत एकटेच राहतात. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी ठाण्याला. दर गुरुवारी आम्ही कर्वे पुतळ्यापाशी भेटतो आणि मेट्रोने डेक्कनला जातो. महिन्यापूर्वी सिटी प्राइडला एक सिनेमा पाहिला. दोन एकटी, अनोळखी माणसं उतरत्या वयात भेटतात, असा होता. मध्यंतरात ते म्हणाले, "आपण एकत्र राहायचं का?" मला वाटतं, सिनेमाच्या भरात म्हणाले असतील.*

*मुलीला आडून सुचवलं तर ती म्हणाली, "बाबांचा फोटो कुठे ठेवशील?" नणंदेचं म्हणणं, लग्न केलंस तर फ्लॅटवरचा हक्क जाईल आणि पेन्शनही. मुलाला अजून काहीच माहीत नाही. त्याला कसं विचारू? मला फार काही नको हो. दुपारी चारला कुणीतरी 'चहा टाकू का?' म्हणावं, एवढंच.*

*– एक वाचक, कोथरूड*

---

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. इथे जागेअभावी मी ते कापलंय, त्याबद्दल माफी. पण कापण्याआधी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वाचनात एक गंमत दिसली. पहिल्या पानावर ते 'एक गृहस्थ' आहेत. दुसऱ्या पानावर 'ते गृहस्थ'. तिसऱ्या पानापासून नुसतं 'ते'. 'हे' म्हणजे अजूनही भिंतीवरचेच, आणि ते तसंच राहो. पण ज्याच्या नावाऐवजी बाईच्या तोंडी 'ते' यायला लागतं, त्याच्याबद्दल तिचं काहीतरी ठरलेलं असतं. 'मी वाहवत तर चालले नाही ना?' असं मूळ पत्रात तुम्ही विचारलंय. तर वाहवत वगैरे तुम्ही चाललेल्या नाही. आठ महिने, दर गुरुवारी, ठरलेल्या वेळी रिक्षा करून जाणारं माणूस वाहवत जात नसतं.

सिनेमाच्या भरात त्यांनी विचारलं, असं मलाही वाटत नाही. सहासष्ट वर्षांचा रेल्वेतला माणूस मध्यंतराची वेळ साधून विचारतो, म्हणजे तो घरून ठरवून आलेला असतो. मध्यंतरात दिवे लागलेले असतात, आजूबाजूला गर्दी असते, आणि उत्तर नको असेल तर 'चला, सुरू झाला' म्हणून दोघांना सुटता येतं. तुम्हाला अडचणीत न टाकता विचारायची सोय त्यांनी पाहिली. हा मी त्यांच्या बाजूने एक गुण धरते.

आता ज्या दोन वाक्यांवर मी अडले, ती सांगते. एक तुमचं, वर छापलेलं: चार वाजता कुणीतरी 'चहा टाकू का?' म्हणावं. दुसरं त्यांचं. ते मूळ पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे आणि तुम्ही मोठ्या कौतुकाने लिहिलंय. पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आले तेव्हा ते म्हणाले, "नऊ वर्षं डब्याचं खातोय, आज घरात जेवलो." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मी मनात म्हटलं, अरे बापरे.

कारण ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. तुम्ही वाट बघताय की कुणीतरी चहा टाकेल. तेही वाट बघताहेत की कुणीतरी चहा टाकेल. अशी दोन माणसं एका घरात आली की चार वाजता काय होतं हे तुम्हाला आणि मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही उठाल. एवढी वर्षं उठत आलात, पायांना सवय आहे. पहिले सहा महिने कौतुकाने उठाल, मग सवयीने, आणि मग एक दिवस वाकडहून नातवाला सांभाळून थकून आलेल्या असताना गॅस पेटवताना तुम्हाला वाटेल, की याच्यापेक्षा एकटी बरी होते. स्वतःपुरता अर्धा कप तरी करत होते.

ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. डब्याचं खाऊन कंटाळलेल्या माणसाला गरम पोळीचं कौतुक वाटणारच. पुण्यात डबा देणाऱ्या काकूंच्या जिवावर किती विधुरांचे संसार चाललेत ते त्या काकूंना विचारा. पण डब्याला कंटाळलेला माणूस आणि एकटेपणाला कंटाळलेला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. पहिल्याची अडचण स्वयंपाकाला चांगली बाई मिळाली की सुटते. ते यातले कोण, हे मला इथे बसून कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर गुरुवारी डेक्कनला फिरून तुम्हालाही कळणार नाही. बाहेर हॉटेलात सगळेच पुरुष चहा मागवतात.

म्हणून लग्न, लिव्ह-इन, मुलगा, नणंद हे सगळं एका बाजूला ठेवून पुढचे काही आठवडे एक करा. तुम्ही त्यांच्या घरी जा. आतापर्यंत ते तुमच्याकडे तीनदा आले आणि तुम्ही त्यांच्याकडे एकदा, तेही जिना चढून दारातूनच परत, असं लिहिलंय. आता नीट जा, सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत राहा. फ्रिज उघडून बघा. आदल्या दिवशीचा डबा धुतलेला आहे का बघा. घरकाम करणाऱ्या बाईंशी ते कोणत्या सुरात बोलतात ते ऐका, कारण अजून दोन वर्षांनी तुमच्याशी साधारण त्याच सुरात बोलतील. मुलीचा फोन आला तर तुम्ही तिथे आहात हे तिला सांगतात की गॅलरीत जाऊन बोलतात? त्यांना साखरेचा त्रास आहे ना, मग गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतात, की कुणीतरी आठवण करायला हवी असते? आणि तुम्हाला एखादा दिवस बरं नसेल तेव्हा गुरुवार रद्द करू नका. फोन करून सांगा की ताप आहे, आणि पुढे काय होतं ते पाहा. 'काळजी घ्या' म्हणणारे खूप असतात. पातेलंभर मऊ भात घेऊन जिना चढणारे कमी.

तुम्हाला हे संशयी वाटेल. वाटू दे. विशीत मुलगी बघायला येणारे पाहुणे तिला चालून दाखव म्हणायचे, सुईत दोरा ओव म्हणायचे. आपण एका माणसाला फक्त चहा करून दाखवायला सांगतोय.

आता मुलगा. तुम्ही लिहिलंय, 'त्याला कसं विचारू?' विचारू नका. सांगा. या दोन क्रियापदांवर मला थोडं बोलायचंय, आणि त्यासाठी एक स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. सहसा मी ती सदरात आणत नाही.

माझे यजमान गेल्यावर काही वर्षांनी मलाही एकांनी विचारलं होतं. चांगला माणूस होता. माझ्याआधी उठून पेपर दारातून आत आणून ठेवील, असा. मी म्हटलं, 'मुलांना विचारून सांगते.' मुलं चांगली आहेत माझी. नाही म्हणाली नाहीत. विचार करायला वेळ घेतला. दिवाळी गेली, मग कुणाची तरी परीक्षा, मग सुनेच्या माहेरचं एक लग्न. चार महिन्यांनी मुलगा म्हणाला, 'आई, तुला हवं ते कर.' तोवर ते गृहस्थ मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते. मी कुणाला दोष देत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणसं वेळ घेणारच. चूक प्रश्नाची होती. माझ्या चार वाजताच्या चहाचा निर्णय मी तिशीतल्या मुलाकडे सोपवला होता, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा रिकामा कप कधी दिसलाच नव्हता.

सांगायचं म्हणजे बॉम्ब टाकायचा नाही. सोमवारी नातू झोपल्यावर, मुलगा आणि सून दोघंही समोर असताना सांगा. सुनेला वगळू नका, बहुतेक वेळा सुनाच आधी समजून घेतात. 'एक गृहस्थ आहेत, आठ महिने ओळख आहे, मला त्यांच्याबरोबर राहायचा विचार करायचा आहे, तुम्ही भेटावं अशी इच्छा आहे.' झालं. पहिल्या दिवशी तो गप्प बसेल किंवा चिडेल. गप्प बसला तर लगेच समजूत घालत बसू नका. 'तुला काय कमी आहे?' असं म्हणाला तर खरं उत्तर द्या, की काही कमी नाही, गुरुवार तेवढे जास्त हवेत. सोमवार ते बुधवार नातवाचं कसं होणार, ही त्याची न बोललेली काळजी असेल. ते आधीच स्पष्ट करा, म्हणजे तो प्रश्न 'समाज काय म्हणेल' असं सोंग घेऊन येणार नाही.

मुलीच्या प्रश्नाला तर उत्तर सोपं आहे. बाबांचा फोटो जिथे तुम्ही, तिथे. त्यांच्या पत्नीचा फोटोही त्यांच्या भिंतीवर असेल. असायला हवा. नसेल, तर मात्र का नाही ते विचारा.

नणंदबाईंकडे वळू. त्यांचं अर्धं म्हणणं शंभर वर्षांपूर्वी बरोबर होतं. १८५६ च्या ज्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, त्याच कायद्यात असंही होतं, की पुन्हा लग्न केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. घराघरांतल्या नणंदांना कुणी कळवलं नाही, इतकंच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवऱ्याकडून तुम्हाला मिळालेला हिस्सा तुमचा आहे, आणि पुढे लग्न केलं म्हणून तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण तुमचीही एक समजूत दुरुस्त करते. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर होता, मृत्युपत्र नव्हतं, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि नॉमिनी म्हणून सोसायटीने तो तुमच्या नावावर केला, असं तुम्ही लिहिलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्या फ्लॅटमध्ये तुमचा, मुलाचा आणि मुलीचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे, हक्कसोड केलेलं नसेल तर. आणि तुम्ही लग्न केलंत व मृत्युपत्र न करता गेलात, तर तुमचा तो तिसरा हिस्सा नवे यजमान, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जाईल. मुलं गप्प बसतात तेव्हा त्यांच्या मनात बरेचदा हेच असतं, आणि ते बोलायची त्यांना लाज वाटते. त्यांना त्या लाजेतून सोडवा. एक साधं मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. त्या गृहस्थांनाही त्यांच्या मुलीसाठी तसंच करायला सांगा. हे करायला ते कां-कूं करतात का, हेही एक चहा करण्यासारखंच बघण्याचं काम.

पेन्शनबद्दल मात्र नणंदबाई बरोबर आहेत. तुमचं कुटुंब निवृत्तिवेतन केंद्र सरकारचं. मूलबाळ नसलेल्या विधवेला पुनर्विवाहानंतरही ते काही अटींवर चालू राहतं, पण मुलं असलेल्या विधवेचं पुनर्विवाहानंतर बंद होतं. तुमची दोन्ही मुलं मोठी आणि लग्न झालेली, त्यामुळे ते त्यांच्याकडेही जाणार नाही. मोबाइलवरचा तो प्रश्न, ज्यावर तुम्ही दोघं हसलात, तो गमतीसाठी विचारत नाहीत. यावर एक पुणेरी तोडगा तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: देवळात हार घालायचे, सप्तपदी करायची, नोंदणी तेवढी करायची नाही. हे करू नका. हिंदू विवाह कायद्यात विधीपूर्वक झालेलं लग्न नोंदणी नसली तरी लग्नच असतं. मग ते लपवून घेतलेली पेन्शन ही सरकारची फसवणूक ठरते आणि वसूलही होते. या वयात खोटा दाखला देऊन दर नोव्हेंबरला धास्तावण्यात काय सुख आहे?

याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. ते रेल्वेचे पेन्शनर. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या जोडीदारालाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. मात्र लग्नानंतर त्यांनी रेल्वेकडे अर्ज करून पेन्शनच्या कागदात तुमचं नाव घालून घ्यायला हवं. 'नंतर बघू' म्हणाले तर तिथे हटून बसा. म्हणजे लग्न केलंत तर तुमची आजची पेन्शन जाईल, पण त्यांच्यामागे तुम्ही उघड्यावर पडणार नाही. लग्न न करता एकत्र राहिलात तर तुमची पेन्शन राहील, पण त्यांच्या पेन्शनवर आणि घरावर पत्नी म्हणून हक्क सांगता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलंय, वारसा दिलेला नाही. दोन्ही आकडे एका कागदावर मांडा, दोघांनी मिळून. पेन्शनचं आणि औषधपाण्याच्या सोयीचं काय होईल ते संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्या. माझा कल तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते: एक वर्ष लग्नाशिवाय. तेवढ्यात एकत्र खातं उघडू नका, आणि कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका, त्यांच्याही नाही.

पुढे लग्नच करायचं ठरलं आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं असेल, तर विवाह नोंदणी कार्यालयात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती तिथे लावतात. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार हवेत. मुलाला त्या नोटिशीवरून कळता कामा नये. त्या तीन साक्षीदारांत तो असला तर उत्तमच.

आणखी एक. तुम्ही कर्वे पुतळ्यापाशी भेटता, आणि 'कुणी ओळखीचं बघेल' म्हणून रिक्षा पलीकडच्या बाजूला थांबवता, हे वाचून मला हसू आलं. ज्यांच्या पुतळ्याआड तुम्ही लपताय ते धोंडो केशव कर्वे स्वतः विधुर होते. १८९३ मध्ये पुण्यात त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, लग्न केलं आणि त्यापायी मुरूडला गावाने टाकलेला बहिष्कार सोसला. गोदूबाईंना किती लोकांनी काय काय ऐकवलं असेल ते ऐकवलं असेल. तुम्हाला फार तर सोसायटीतल्या कुणी लिफ्टमध्ये 'काय, हल्ली दिसत नाही तुम्ही!' असं म्हणेल. रिक्षा अलीकडे थांबवा.

येत्या गुरुवारी डेक्कन नको. त्यांच्या घरी जा. चार वाजेपर्यंत गप्पा मारा, आणि चार वाजले की उठू नका. फार अवघड जाईल, मला माहितीये, हात शिवशिवतील. खुर्चीत बसून राहा. सव्वाचार झाले तरी. साडेचार झाले तरी. ते उठून स्वयंपाकघरात गेले तर मागोमाग जाऊन 'मी करते' म्हणू नका, आलं कुठे आहे ते सांगू नका, दूध उतू गेलं तर जाऊ द्या.

मग मला कळवा. चहा कसा झाला होता ते नाही कळवलं तरी चालेल. साखर घातली होती का, ते मात्र कळवा, त्यांना चालत नाही ना.